छत उघडं की चार दारं? जुनी ऐसपैस गाडी निवडताना

१. मूळ प्रश्न

“तेवढ्याच पैशांत नवी छोटी गाडी घ्यावी, की जुनी मोठी?” विठ्ठलवाडी ते बदलापूर या पट्ट्यात गाडी घ्यायचं ठरलं की घरात आधी हाच प्रश्न निघतो. हाताशी सात-आठ लाख असतात. शोरूममध्ये त्यात छोटी हॅचबॅक येते. जुन्या बाजारात त्याच रकमेत काही वर्षं वापरलेली होंडा सिटी किंवा मारुती सियाझ मिळते, आणि तिच्यात मागे बसणाऱ्यांना अंग चोरावं लागत नाही. मोबाइलवर आणखी चार जाहिराती पाहिल्या की एखादी दोन दारांची कूपे नाहीतर छत उघडणारी कन्व्हर्टिबल समोर येते. नवी असताना तिचा विचारही शक्य नव्हता. आता तिची किंमत मूळच्या निम्म्यावर आलेली असते. मग दुसरा प्रश्न निघतो, “ही घेतली तर?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मुंबईहून आणि ठाण्याहून जुन्या गाड्यांचा ओघ या बाजूला सतत येतो, त्यामुळे पर्यायांना तोटा नाही. अडचण निवडीची आहे. आधी आराम कशातून येतो ते पाहू, मग छताकडे वळू आणि शेवटी भरवशाकडे. जुन्या गाडीचा खरा कस भरवशात लागतो.

२. आराम कुठून येतो

गाडी बघायला गेलेला माणूस आधी सीटवर बसून पाहतो. पण रस्त्याचा धक्का सीटपर्यंत पोचण्याआधी तीन ठिकाणी मुरत असतो: टायरमध्ये, स्प्रिंग आणि शॉकअपमध्ये, आणि सस्पेंशनचे लोखंडी भाग जिथे जोडले जातात तिथल्या रबरी बुशांमध्ये.

टायरपासून सुरुवात करू. टायरच्या बाजूला १८५/६५ आर १५ असा आकडा असतो. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे रिमच्या वर जी रबराची भिंत उभी असते तिची उंची, रुंदीच्या टक्केवारीत. १८५ चे ६५ टक्के काढले की सुमारे १२० मिलिमीटर येतात. आता १९५/५५ आर १६ घ्या. १९५ चे ५५ टक्के म्हणजे १०७ मिलिमीटर. सियाझच्या स्वस्त प्रकारांना पहिला टायर असायचा आणि महागड्याला दुसरा. म्हणजे गाडी तीच, सस्पेंशन तेच, पण कमी किमतीच्या गाडीत खड्ड्याचा धक्का खायला १३ मिलिमीटर रबर जास्त. मोठे चकचकीत अलॉय दिसायला छान वाटतात. आमच्याकडच्या पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यांवर मात्र मी साध्या १५ इंची चाकांची बाजू घेईन. मागच्या मालकाने हौसेने मोठी चाकं बसवली असतील तर मूळचा आकार दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर वाचता येतो.

शॉकअप आणि बुश यांची परीक्षा गतिरोधकावर होते. खिडक्या बंद, म्युझिक बंद, ताशी दहा-पंधराच्या वेगाने गतिरोधक ओलांडा. नुसता दबका आवाज आला तर ठीक. “खट्” असा कोरडा आवाज आला तर बुश, लिंक रॉड किंवा लोअर आर्म यांपैकी काहीतरी झिजलं आहे. गतिरोधकानंतर गाडी एकदा वरखाली होऊन स्थिरावली पाहिजे. ती डोलत राहिली तर शॉकअप संपलेत. यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण हे भाग बदलता येतात. चारी शॉकअप आणि बुश नवे बसवले की आठ वर्षांची सेडानही चालायला ताजी होते. गॅरेजवाल्याकडून खर्च विचारून घ्या आणि तो किमतीतून वळता करा.

मोठी गाडी जात्याच आरामदायी का, याचंही उत्तर सोपं आहे. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असतं. सियाझमध्ये ते २,६५० मिलिमीटर आहे, स्विफ्टमध्ये २,४५०. अंतर जितकं जास्त, तितकी एका चाकाला बसलेल्या उंचवट्याने गाडी कमी कलते. शिवाय मागे बसणारा चाकाच्या थेट वर न येता थोडा पुढे बसतो. घरात गुडघेदुखीने बेजार आजी-आजोबा असतील तर हे २० सेंटिमीटर त्यांना कळतात.

सीटबद्दल एक खबरदारी. जुन्या गाडीवर विक्रीआधी नवीकोरी सीट कव्हर चढवतात. उल्हासनगरात फर्निचर आणि रेक्झिनची कामं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, तेव्हा काम सुबकही असतं. तरी ड्रायव्हरच्या सीटचं कव्हर वर करून आतला फोम दाबून बघाच. दाराकडची कड खचलेली असेल आणि मीटर फक्त तीस हजार किलोमीटर दाखवत असेल, तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय. सीटच्या बाजूला एअरबॅगची खूण असेल तर तिथे जाड कव्हर मुळीच नको. ती एअरबॅग सीटची शिवण फाडूनच उघडते.

३. छत काढलं की काय होतं

कन्व्हर्टिबल समजून घ्यायची तर आधी गाडीचा सांगाडा समजला पाहिजे. जुन्या जीपला आणि ट्रकला खाली लोखंडी चौकट असते. इंजिन, चाकं, बॉडी सगळं तिच्यावर बसतं आणि सगळा ताण तीच घेते. आजच्या बहुतेक मोटारींना अशी वेगळी चौकट नसते. तळ, खांब आणि छत एकत्र जोडून बनलेली पेटी हाच त्यांचा सांगाडा. पत्र्याचा डबा झाकण घट्ट लावून पिळून पाहा, तो हलत नाही. झाकण काढा आणि पुन्हा पिळा.

मोटारीचं छत काढल्यावर हेच होतं. म्हणून कंपनीला दाराखालची पट्टी, तळ आणि पुढच्या काचेची चौकट जाड करावी लागते. त्याने वजन वाढतं. एवढं करूनही खराब रस्त्यावर काचेची चौकट आणि डॅशबोर्ड किंचित थरथरतात. नव्या गाडीत ही थरथर कमी असते, वय वाढेल तशी ती प्लास्टिकच्या कुरकुरीतून ऐकू येते.

भारतात मिळालेल्या कन्व्हर्टिबलपैकी मध्यम आकाराची, चौघांना बसता येईल अशी एक म्हणजे ऑडी ए३ कॅब्रिओले. ती आपल्याकडे डिसेंबर २०१४ मध्ये आली. १.८ लिटरचं १८० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन आणि कापडी छत. बटण दाबलं की ते सुमारे १८ सेकंदांत मागे घडी होतं, गाडी ताशी ५० किलोमीटरपर्यंत चालत असतानाही. तिची चार दारांची बहीण, ए३ सेडान, औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली जायची. कॅब्रिओले मात्र तयार अवस्थेत बाहेरून यायची. विकत घेणाऱ्याला यातून एक उपयोगी गोष्ट कळते. यंत्रातले बरेच भाग सेडानशी मिळतेजुळते आहेत, ते मिळतात. छताचं कापड, त्याची हायड्रॉलिक यंत्रणा, कडेची रबरं हे खास तिचेच भाग आहेत आणि ते मागवावे लागतात. जुन्या कन्व्हर्टिबलचा खर्च इंजिनापेक्षा या छताभोवती फिरतो.

म्हणून अशी गाडी पाहायला भर दुपारी जा. छत लागोपाठ तीन वेळा उघडा आणि मिटा. मध्येच अडकलं, वेग मंदावला किंवा पंप कण्हल्यासारखा आवाज करू लागला, तर तेलाची गळती किंवा संपत आलेला पंप असणार. मिटल्यावर काचेच्या वरच्या कडेला हात फिरवा. रबर कडक झालं असेल, भेगा पडल्या असतील, तर पावसात पाणी आत येणारच. मग नळाला पाइप लावून दहा मिनिटं छतावर पाणी सोडा. विकणारा नको म्हणाला तर तिथून निघा.

एक जागा सगळेच विसरतात. घडी केलेलं छत जिथे बसतं त्या खळग्यात पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर पानांचा चुरा या नळ्यांत बसतो आणि त्या तुंबतात. मग पाणी गालिच्याखाली साचतं आणि तिथेच वायरिंग जातं. छत शाबूत दिसतं, पण पहिल्या पावसाळ्यानंतर खिडक्या, दिवे, सेन्सर एकेक करून दगा देतात. वर्षातले चार महिने जिथे पाऊस कोसळतो, तिथे कापडी छताची गाडी उघड्यावर लावणं मला पटत नाही. बंदिस्त पार्किंग नसेल तर हा विचार इथेच सोडावा.

आणि छत उघडणार कधी? पावसाळा गेला, मार्च ते मेची दुपार गेली, ट्रकच्या धुरात काटई-बदलापूर रस्त्यावर कोणी उघडणार नाही. उरतात थंडीतल्या सकाळी, मुरबाडमार्गे माळशेजकडे जाताना. त्या सकाळी फार सुंदर असतात हे खरं, आणि घरात दुसरी गाडी असेल तर त्यांच्यासाठी कन्व्हर्टिबल घेणाऱ्याला मी अडवणार नाही.

महाराष्ट्र-गोव्याच्या मातीत अशा गाड्या झाल्याही आहेत. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसवून उघडी रोडस्टर बनवली. सॅन मोटर्सची स्टॉर्म नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आली, गोव्यात बांधलेली: फायबरग्लासची बॉडी, रेनॉचं छोटं पेट्रोल इंजिन, दोनच माणसं. आज या गाड्या जपाव्यात अशा आहेत, पण रोज चालवायला नकोत. उत्पादन थांबलेल्या छोट्या कंपनीच्या गाडीचं इंजिन एखादा कसबी मेकॅनिक चालू ठेवतो. फुटलेली दिव्याची काच किंवा खिडकीचं यंत्र आणायचं कुठून, हा प्रश्न उरतो.

परवडणाऱ्या उघड्या गाडीचं आजचं खरं नाव महिंद्रा थार आहे. २ ऑक्टोबर २०२० ला आलेली, नाशिकच्या कारखान्यात बनलेली दोन दारांची थार काही प्रकारांत उघडता येणाऱ्या कापडी छतासह मिळायची. तिला खाली वेगळी चौकट आहे, म्हणून छत नसल्याने सांगाड्याला फरक पडत नाही. यंत्रणाही हाताने उघडायची, त्यामुळे बिघडायला पंप नाही. भरवशाला ती उजवी आहे. आरामाला नाही: मागच्या सीटवर चढणं अवघड, उसळी जास्त, कापडातून वाऱ्याचा आवाज येतो.

शेवटी, एखाद्या गॅरेजमध्ये छत कापून “कन्व्हर्टिबल केलेली” सेडान किंवा जिप्सी दाखवली तर हात लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. अशा गाडीचा अपघात झाला तर विम्याचा दावा धोक्यात येतो. आणि आतल्या माणसांना वाचवणारा सांगाडा आधीच कापलेला असतो, हे त्याहून वाईट.

४. दोन दारांचा हिशेब

कूपेला पक्कं छत असतं, तेव्हा वरची बरीच भीती गळून पडते. तिची अडचण दाराची आहे. दोनच दारं असल्याने ती लांब असतात. सोसायटीच्या खांबांमध्ये गाडी लावली की दार अर्धंच उघडतं आणि माणूस तिरका होऊन बाहेर येतो. जड दारामुळे बिजागऱ्या लवकर झिजतात. दार अर्धं उघडून टोकाला धरा आणि हळूच वर उचला. खडखड जाणवली तर बिजागरी सैल आहे. कित्येक कूपेंच्या खिडकीला चौकट नसते. अशा गाडीत दार उघडताच काच किंचित खाली सरकते आणि बंद झाल्यावर वर चढून रबरात बसते. ही हालचाल दोन्ही दारांची तपासा. मागची सीट मुलांपुरतीच असते. दोघांच्या संसाराला कूपे शोभते. सासू-सासरे, मुलं आणि गणपतीला गावी जाण्याचं सामान असेल तर शोभत नाही.

५. चार दारांची नावं

आराम आणि भरवसा दोन्ही हवे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या मालकाकडची, चार ते सात वर्षांची, पेट्रोलवर चालणारी मध्यम सेडान. लोकांचा ओढा उंच एसयूव्हींकडे गेल्यामुळे सेडान जुन्या बाजारात तुलनेने कमी भावात सुटतात, आणि तो घेणाऱ्याचा फायदा आहे.

होंडा सिटीची चौथी पिढी जानेवारी २०१४ मध्ये आली, पाचवी जुलै २०२० मध्ये. तिचं १.५ लिटर पेट्रोल इंजिन शांत आणि दणकट आहे. टायमिंगला पट्ट्याऐवजी साखळी असल्याने ठरावीक अंतराला पट्टा बदलण्याचा खर्च नाही. त्याच गाडीचं डिझेल इंजिन काटकसरी, पण आवाजी. आरामासाठी घ्यायची तर पेट्रोलच. सियाझ ऑक्टोबर २०१४ मध्ये १.४ लिटर इंजिनासह आली आणि २०१८ मध्ये तिला १.५ लिटरचं इंजिन मिळालं. चालवायला ती सिटीइतकी चपळ नाही. मागच्या सीटवर पाय पसरायला मात्र तिच्यासारखी गाडी या किमतीत नाही, आणि सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात. टोयोटा कोरोला अल्टिस यांच्याहून एक पायरी वरची. २०२० मध्ये तिची विक्री थांबली. नीट वापरलेली मिळाली तर डोळे झाकून नव्हे, पण आनंदाने घ्यावी.

होंडा सिव्हिकचं रूप आजही मन खेचतं, आणि कूपेच्या सर्वांत जवळ जाणारी चार दारांची गाडी तीच. पण ती जमिनीला टेकलेली आहे. चार माणसं बसली की उंच गतिरोधकाला पोट घासतं. पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेली फियाट लिनिया खड्ड्यांवरून ज्या शांतपणे जाते, ती अनेक महागड्या गाड्यांना जमत नाही. मात्र फियाटने आपल्या नावाच्या मोटारी इथे विकणं थांबवलं आहे. ओळखीचा, फियाट जाणणारा मेकॅनिक असेल तरच तिच्याकडे बघा.

६. गिअर आपोआप बदलतात, पण कसे

शिळफाट्याच्या गर्दीत डावा पाय आखडला की ऑटोमॅटिकची आठवण येते. पण ऑटोमॅटिक म्हणजे एकच यंत्र नव्हे, आणि जुन्या गाडीत हा फरक खिशाला जाणवतो.

पहिला प्रकार टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं आणि तेलाच्या प्रवाहातून जोर पुढे जातो. पेट्रोल सियाझमधला चार गिअरचा ऑटोमॅटिक हाच. जुन्या पद्धतीचा, जरा आळशी, पण टिकाऊ. दुसरा सीव्हीटी: दोन पुली आणि त्यांच्यावर धातूचा पट्टा. पुली रुंद-अरुंद होत राहतात, त्यामुळे गिअर बदलल्याचा धक्काच बसत नाही. सिटीत आणि अल्टिसमध्ये हा आहे. त्याचं तेल ठरल्या वेळी बदललं असेल तर तो वर्षानुवर्षं चालतो. सर्व्हिसच्या बिलात ते तेल शोधा. तिसरा ड्युअल क्लच. यात दोन क्लच असतात, एक गिअर चालू असताना पुढचा तयार ठेवला जातो आणि बदल क्षणात होतो. चाकणच्या कारखान्यातल्या फोक्सवॅगन व्हेंटोत आणि तिची जुळी बहीण स्कोडा रॅपिडमध्ये सात गिअरचा असा बॉक्स असायचा. त्यातले क्लच तेलात बुडालेले नसतात. मोकळ्या रस्त्यावर तो बहारदार चालतो. कासवगतीच्या गर्दीत क्लच तापतात आणि त्यांना चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग बिघडला तर दुरुस्ती महाग जाते. वर सांगितलेल्या ऑडीतही सात गिअरचा ड्युअल क्लचच आहे.

ऑटोमॅटिक गाडी पंधरा मिनिटांच्या फेरीत तपासता येत नाही. थंड इंजिनावर सुरू करा, मग अर्धा-पाऊण तास गर्दीतून न्या आणि शेवटी चढावर रिव्हर्स घाला. गरम झाल्यावर धक्के, थरथर किंवा गिअर लागायला उशीर झाला, तर ती गाडी दुसऱ्या कोणासाठी सोडून द्या.

७. रविवारची गाडी

या पट्ट्यातल्या गाड्यांची एक खासियत आहे, आणि जुनी गाडी घेणाऱ्याने ती ओळखलीच पाहिजे. इथला नोकरदार सोमवार ते शनिवार लोकलने जातो. गाडी सोसायटीत उभी असते आणि रविवारी बाहेर निघते. त्यामुळे आठ वर्षांत पंचवीस हजार किलोमीटर हा आकडा दिल्लीला संशयास्पद वाटेल, पण बदलापुरात तो खरा असू शकतो.

खरा असला म्हणून गाडी उत्तम, असं मात्र नाही. उभी गाडीही म्हातारी होते. इंजिन ऑइल वर्षाने जुनं होतं, मग गाडी धावो न धावो. म्हणून तर “दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते” असं सर्व्हिस पुस्तकात लिहिलेलं असतं. बॅटरी बसते, ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो, उंदीर वायरी कुरतडतात. टायर नक्षी शाबूत असूनही कडक होतात. टायरच्या बाजूला चार अंकांची छोटी संख्या असते. २३१८ असेल तर तो २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी कितीही खोल असली तरी सहा-सात वर्षांच्या टायरवर पावसात घाट उतरू नका. चार टायरचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

आता उलटी बाजू: मीटर मागे केलेला आहे का? सर्व्हिस सेंटरच्या नोंदींत प्रत्येक वेळचं किलोमीटर असतं, ती यादी मागा. पीयूसीच्या आणि विम्याच्या जुन्या कागदांवरही आकडा सापडू शकतो. ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचा डाव्या-उजव्या हाताखालचा भाग, गिअरची मूठ हे सगळं गुळगुळीत झालं असेल आणि मीटर वीस हजार म्हणत असेल, तर विश्वास रबरावर ठेवा.

८. पाण्यातून आलेली गाडी

या बाजूला गाडी घेताना सगळ्यात जास्त जपायचं ते पाण्याला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईच्या परिसरात असंख्य गाड्या बुडाल्या. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्याने वेढली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. बुडालेल्या गाड्यांची विमा कंपन्या भरपाई देतात, मग त्या भंगाराच्या भावात लिलावात जातात. त्यातल्या काही साफसूफ होऊन दूरच्या शहरात पुन्हा विकायला येतात.

चमकवलेल्या गाडीत पूर शोधायचा कसा? सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, धुतलेला चिखल त्याच्या आतल्या टोकाला राहतो. पुढची सीट मागे-पुढे करून तिच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का पाहा. डिकीतला स्टेपनीचा खळगा उघडा. गालिचा एका कोपऱ्यात उचलून खालच्या फोमला हात लावा. खिडक्या बंद करून एसी दहा मिनिटं चालवा आणि वास घ्या. गाडीत अत्तराचा किंवा एअर फ्रेशनरचा भडिमार असेल तर मुद्दाम दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

विम्याच्या कागदातही एक धागा सापडतो. ज्या वर्षी दावा केला नाही त्याबद्दल मालकाला नो क्लेम बोनस मिळतो: २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. पाच-सहा वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर हा बोनस शून्य दिसला, तर अलीकडे दावा झालेला असू शकतो. तो कशाचा, हे बिल पाहूनच समजून घ्या. काच फुटली असेल, किंवा आणखी काही.

९. नाव बदलेपर्यंत गाडी आपली नाही

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर कल्याणच्या आरटीओखाली येतात, म्हणून इथल्या गाड्यांवर एमएच ०५ दिसतं. राज्यातल्या राज्यात गाडी नावावर करायची तर नमुना २९ आणि नमुना ३० लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं, असं कलम ५० सांगतं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर नमुना ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र हातात आल्याशिवाय टोकनच्या पलीकडे पैसे देऊ नका. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की बोजा, विमा, नोंदणीची मुदत दिसते. थकलेली ई-चलनंही आधी भरून घ्या.

“सही करून ठेवा, नावावर नंतर करू” ही पद्धत दोघांनाही बुडवते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गाडी कितीही हातांत फिरली असली तरी अपघाताची जबाबदारी नोंदीत नाव असलेल्याची. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर तो आरटीओचा अधिकृत विक्रेता आहे का, विचारा. १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम आहेत.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यामुळे १३ वर्षांची स्वस्त गाडी घेताना दोन वर्षांनी येणारा तो खर्च आणि पर्यावरण कर आत्ताच धरायला हवा. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, म्हणून तिथल्या गाड्या इकडे कमी भावात येतात. तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्र, महाराष्ट्राचा कर आणि नवा नंबर, एवढं जोडल्यावर स्वस्ताई किती उरते ते कागदावर मांडून पाहा.

१०. पैसे कुठे जातात

समजा एक सेडान नवी १२ लाखांची. विम्यासाठी गाडीची किंमत ठरवताना पाचव्या वर्षाच्या अखेरीस ५० टक्के घट धरतात. म्हणजे ६ लाख. पहिल्या मालकाचे पाच वर्षांत ६ लाख गेले, वर्षाला १ लाख २० हजार. तुम्ही ती ६ लाखांना घेऊन पाच वर्षांनी ३ लाखांना विकली, तर तुमची घट वर्षाला ६० हजार. दुरुस्तीवर वर्षाला ३० हजार जास्त गेले तरी तुम्ही पुढेच राहता.

आता हाच हिशेब ४५ लाखांना आलेल्या कन्व्हर्टिबलचा. ती १८ लाखांत मिळाली असं धरा. किंमत सेडानसारखी उतरली, पण छताचा पंप, गिअरबॉक्सचा इलेक्ट्रॉनिक भाग, टायर यांच्या किमती उतरलेल्या नाहीत. त्या अजूनही ४५ लाखांच्या गाडीच्याच आहेत. म्हणून अशी गाडी घेताना खरेदीच्या किमान एक पंचमांश, म्हणजे इथे साडेतीन लाखांच्या आसपास, दुरुस्तीसाठी वेगळे बाजूला असावेत. नसतील तर सेडान घ्या.

इंधनही धरा. वर्षाला १०,००० किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर मानलं, तर लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला ७०,००० रुपये लागतात आणि १० देणाऱ्या गाडीला १,०५,०००. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या आणि फिल्टर मेकॅनिकला दाखवून घ्या.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट आणि सगळे फिल्टर बदला, आधीच्या मालकाने काहीही सांगितलेलं असो. नाव बदलण्याचा अर्ज टाकल्याची पावती घेऊन १४ दिवसांच्या आत विमा कंपनीत जा. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर येतं. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं मात्र पॉलिसी तुमच्या नावावर झाल्यावरच लागू होतं. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे हप्त्यात थोडा फरक भरावा लागेल. तो त्याच दिवशी भरून टाका.